इथंच थांब, बाबा

ग्रंथालयातली फाटकी पुस्तकं बाइंडरकडे यायची आणि तो ती शिवायचा. बोटांना खळीचा वास, मान कायम खाली. बायको गेल्यापासून शाळा सुटली की लेक दुकानातच यायची.

“आलीस?” तो सुईवरची नजर न काढता म्हणायचा.

मग ती ढिगातून एक गोष्ट निवडायची आणि खळ वाळेपर्यंत तो ती वाचून दाखवायचा. गोष्टीतली मुलगी रान ओलांडून, नदी ओलांडून घराच्या दाराशी पोचली, की लेक म्हणायची, “बास. इथंच थांब, बाबा.”

“अगं, पोरीला उंबरा तरी ओलांडू दे! दमलीये बिचारी.”

“तिला नाही जायचं आत.”

“तुझ्या कानात येऊन सांगितलं वाटतं?”

“हो.”

तो हसून पुढचा टाका घ्यायचा.

एका दुपारी शिवलेलं पुस्तक तपासताना त्यानं पुढचं वाचलं. घरात चूल पेटली होती, आई गात होती, भाऊ भांडत होते. मुलगी नव्हती. कुणी तिला हाकही मारत नव्हतं. पान गळालं असेल म्हणून त्यानं आकडे पाहिले, सलग होते. लेकीनं निवडलेली बाकीची पुस्तकं उघडली. सगळीकडे तेच.

ग्रंथालयात जाऊन त्यानं त्याच गोष्टींच्या दुसऱ्या प्रती चाळल्या. त्यांत मुली घरी येत होत्या. “आलीस?” म्हणून आई चुलीकडे वळत होती, बाप कामाकडे. दर गोष्टीत एवढंच स्वागत.

लेक कसल्या गोष्टी निवडते, ते त्याला तेव्हा कळलं. तो धावतच दुकानात परतला.

शाळा सुटली. आज त्यानं मान वर केली होती.

“ये गं माझे बाई. बस जवळ.”

ती दारातच उभी राहिली. “आज मी सांगते गोष्ट. एक बाइंडर होता. त्याला एक मुलगी होती. एकदा ती दाराशी आली.”

तिच्या मागे, पायरीखाली, कुणी तरी दबकं हसलं. एकटीचं हसू नव्हतं ते.

“मग? आत ये आणि पुढं सांग!”

ती मायेनं त्याच्याकडे बघत राहिली.

“बास, बाबा.”

संध्याकाळी बाइंडर घरी गेला. दोरीवर एक इवला फ्रॉक वाळत होता.

“कुणाचा हो हा?” त्यानं शेजारणीला विचारलं.

“आला असेल वाऱ्यानं उडून. आपल्याकडे कुठं लहान मूल आहे?”

त्यानं फ्रॉक घडी करून कठड्यावर ठेवला. काखेतली उसवण कुणी तरी पुस्तकं शिवायच्या जाड दोऱ्यानं शिवली होती. टाका सुबक होता.