पुसलेल्या श्वासांच्या नोंदी

माणूस बेल एकदा वाजवून थांबतो. ही मुलगी थांबली नाही. मोहनराव लिमयांनी दार उघडलं तेव्हा तिचं बोट चौथ्यांदा बटणावर टेकलेलं होतं.

"सुनंदाकाकू आहेत? मी ईश्वरी साबळे. चंडीमंदिर छावणीतल्या सुभेदार मेजर साबळ्यांची मुलगी. मराठी मंडळाच्या गणपतीत भेटलो होतो आपण."

सुनंदा गर्गे आतल्या खोलीत येरझाऱ्या घालत होत्या. त्या नेहमीच घालतात. हवाई दलात वीस वर्षं विमानं का पडली याच्या चौकशा केल्या आणि विंग कमांडर म्हणून निवृत्त झाल्या, पण पायांना काही निवृत्ती मानवली नाही. चंडीगडजवळच्या झिरकपूरमधल्या या फ्लॅटमधून त्या आता लोकांच्या लहानमोठ्या भानगडींचा छडा लावतात. वरच्या मजल्यावरचे मोहनराव केंद्र सरकारच्या कचेरीतून निवृत्त. ते गाडी चालवतात, आणि निम्मा तपास आपणच करतो असं त्यांना वाटतं. त्यांचा हा समज कुणी मोडत नाही.

"बस," सुनंदाबाई म्हणाल्या.

"बसायला वेळ नाही, काकू. पाच वाजता मला नोकरीवरून काढणार आहेत. नुसतं काढणार नाहीत, मी माझ्या लॅपटॉपवरून मुद्दाम कामाच्या नोंदी पुसल्या असं लेखी पत्र काढणार आहेत. मग मला या शहरातच काय, कुठंच कुणी उभं करणार नाही."

सव्वा वाजला होता. "मोहनराव, किल्ली घ्या," सुनंदाबाई म्हणाल्या. एक पाय त्यांनी चपलेत घातलाही होता.

झिरकपूरच्या पुलाखाली गाड्या ठप्प होत्या. मे महिन्याचं ऊन टपावर तापत होतं. सुनंदाबाईंनी काच खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली.

"नेमकं काय पुसलं गेलं?"

"आमची टीम नवजात बाळांच्या श्वासावर काम करते," मागच्या सीटवरून ईश्वरी सांगू लागली. "डोंगरातल्या लहान दवाखान्यांत बाळाशेजारी एक डबी ठेवायची. ती श्वास ऐकते आणि काही बिघडलं तर नर्सला इशारा देते. पण डबीला आधी शिकवावं लागतं. त्यासाठी चार हजार बाळांचे श्वास रेकॉर्ड केलेत, प्रत्येकी एक मिनिट. ते आम्ही स्वतः ऐकले आणि प्रत्येकापुढं लिहिलं, ठीक, अडखळता, थांबलेला. त्या सगळ्या नोंदी सोमवारी पुसल्या गेल्या. रेकॉर्डिंग शाबूत आहेत, नोंदी नाहीत."

"भरभर ऐकून पुन्हा लिहून टाका की," मोहनराव म्हणाले.

"वेग वाढवला की अडखळणं कळतच नाही, काका. मिनिटाला मिनिट द्यावंच लागतं. आणि उद्या दवाखान्याचे डॉक्टर येणार होते, अधल्यामधल्या नोंदी काढून तपासायला."

"आणि पुसल्या तुझ्या लॅपटॉपवरून."

"हो. दुपारी एक बावीसला. सर्व्हरवरची प्रतही तिथूनच पुसली. मी खाली कँटीनमध्ये होते, पण सगळेच वरखाली करत होते, त्यामुळे सांगणार कोण? लॅपटॉप उघडाच होता. आम्ही दोघादोघांनी एका मशीनवर बसून काम करतो, जोडीदार बदलत राहतो, म्हणून टीमच्या खोलीत स्क्रीन लॉक करायची नाही असा आमचा नियमच आहे."

"ऐकायचं काम कुणाकडं होतं?"

"जे टीममध्ये असतील त्यांनी पाळीनं. डिसेंबरपासून मी रोज ऐकलंय. फक्त होळीचा आठवडा नाही, तेव्हा मी साताऱ्याला ताईच्या लग्नात होते." ती थांबली. "माझ्या बाजूनं टीममधला एकटा अंकुरदादा उभा आहे. फेब्रुवारीत त्याची मुलगी गेली हो, अकरा दिवसांची. स्वतःचं एवढं दुःख असून माझ्यासाठी वकील शोधतोय."

सुनंदाबाईंनी काच वर केली आणि तशीच राहू दिली.

आयटी पार्कमधल्या त्या कचेरीत पोचायला सव्वादोन वाजले. प्रमुख शंतनू बोकारे मूळचे नागपूरचे, तोंडानं गोड आणि मनानं घाबरट. "मॅडम, मला काय आनंद होतो का हे करताना? दिल्लीच्या मुख्य कचेरीला सोमवारीच मेल पाठवावी लागली. लॅपटॉप तिचा आहे. मी काय करू?"

"मेलमध्ये तिचं नाव लिहिलंत?"

"लिहावं लागलं."

"पुरावा मिळायच्या आधी," सुनंदाबाई म्हणाल्या आणि वळून चालू लागल्या. शंतनूंचं उत्तर मोहनरावांना एकट्यालाच ऐकावं लागलं.

टीमची खोली रंगीत चिठ्ठ्यांनी भरली होती. करायची कामं, चालू कामं, झालेली कामं. शेजारी एका मोठ्या कागदावर हातानं काढलेली रेघ उतरत गेली होती. चाचण्या घेणारा अभिषेक कोपऱ्यात उभा होता. डोंगरातल्या मंडी गावचा लांबलचक पोरगा, नजर जमिनीवर.

"सोमवारी दुपारी एक वीसला तू जिन्यावरून वर येताना दिसलास म्हणे," सुनंदाबाईंनी हिंदीत विचारलं.

"मैं चार्जर लेने आया था, मॅम. बस."

"चार्जर जिन्यातच सापडला? खोलीत आलेला तुला कुणी पाहिलं नाही."

त्याच्या कपाळावर घाम आला. "फोन पे इंटरव्ह्यू था, मोहाली की एक कंपनी का. यहाँ किसी को पता नहीं है. प्लीज."

"इथं कधीपासून आहेस?"

"बैसाखी के बाद से. मुझसे पहले ये कुर्सी तीन महीने खाली थी."

"धुतल्या तांदळासारखा दिसतोय, पण मला शंका आहे," मोहनराव कुजबुजले. सुनंदाबाई पुढं गेल्या होत्या.

ऋचा सोधी ही टीमची बैठका चालवणारी. उत्साही बाई. भिंतीवरच्या कागदाबद्दल विचारताच तिचा चेहरा खुलला. ती हिंदीत सांगत गेली. ही रेघ म्हणजे उरलेलं काम, रोज संध्याकाळी एक ठिपका. रोज साधारण चाळीस रेकॉर्डिंग कमी होत गेली.

मोहनरावांनी कागदावर बोट ठेवलं. "इथं तर लिफ्टच तुटली की!"

खरंच, एका जागी रेघ सरळ खाली कोसळली होती. सुनंदाबाईंनी वाचलं. गुरुवारी संध्याकाळी १४८०, शुक्रवारी ५८०. तारीख होळीच्या आठवड्यातली.

"त्या दिवशी तर कमाल झाली," ऋचा हसून म्हणाली. "आम्ही बर्फी वाटली."

"तुम्हीही ऐकता रेकॉर्डिंग?"

"नाही, मी फक्त बैठका घेते."

"सोमवारी कुठली बैठक होती?"

"अडीच वाजता, पुढच्या पंधरवड्याच्या कामांची." ऋचानं खिशातून पत्ते काढले. त्यांच्यावर एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा असे आकडे होते. काम जितकं मोठं तितका मोठा आकडा. ती काम वाचून दाखवते, प्रत्येकानं मनाशी अंदाज करून पत्ता पालथा ठेवायचा आणि सगळ्यांनी एकदम उलटायचा. म्हणजे कुणी कुणाचं बघून ठरवत नाही. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आकडा ठेवणाऱ्यानं कारण सांगायचं. प्रत्येक डावाचा फोटो ती काढून ठेवते.

तिनं फोनवर सोमवारचे फोटो दाखवले. चौथ्या फोटोखाली कामाचं नाव होतं, इशाऱ्याची चाचणी जुन्या नोंदींवर घेणे. तीन हात, तीन पत्ते. दोन, एक, तेरा.

"एक अभिषेकचा. तो नेहमीच कमी सांगतो," ऋचा म्हणाली. "दोन ईश्वरीचा. तेरा अंकुरचा. म्हणाला, हात चुकला, आणि लगेच दोन ठेवला. बिचाऱ्याचं लक्ष नसतं हल्ली."

"आणि नोंदी गेल्याचं केव्हा कळलं?"

"चार वाजता. ईश्वरीनंच आरडाओरडा केला."

अंकुर चिटणीस आपल्या जागेवर शांत बसला होता. वडिलांच्या सरकारी नोकरीमुळं चंडीगडमध्येच वाढलेला, पस्तिशीचा, डोळ्यांखाली काळं. "ईश्वरीनं नाही केलं, मॅडम. पक्का सांगतो. सिस्टिमची गडबड असणार. मी शंतनू सरांना तीन वेळा बोललो."

"सोमवारी एक बावीसला तुम्ही कुठं होता?"

"हात धुवायला गेलो असेन. याद नाही यार, खरंच."

त्याच्या टेबलावर दोन स्क्रीन होत्या, एक पाण्याची बाटली होती. बाकी प्रत्येकाच्या टेबलावर हेडफोन दिसत होते, त्याच्या टेबलावर नव्हते.

सुनंदाबाई बाहेर जाऊन व्हरांड्यात चालू लागल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा मागं. मोहनराव दोन फेऱ्या त्यांच्याबरोबर चालले आणि मग कठड्याला टेकले. "अभिषेकच," ते म्हणाले. "दुसरीकडं नोकरी मिळाली, जाता जाता राग काढला."

"नऊशे मिनिटं म्हणजे किती तास, मोहनराव?"

"पंधरा. का?"

सुनंदाबाई टीमच्या खोलीकडं वळल्या. साडेचार वाजले होते. बाहेर धुळीची वावटळ उठून काचांवर आपटत होती. त्यांनी सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बोलावलं. सगळे बसले आणि त्या उभ्या राहिल्या.

"विमान पडलं की सगळे शेवटच्या मिनिटाकडं बघतात," त्यांनी सुरुवात केली. "तुम्हीही एक बावीसकडंच बघत बसलात. त्या मिनिटाला चौघांपैकी कुणीही त्या लॅपटॉपपाशी जाऊ शकत होतं. त्यातून काही निघणार नाही. मी त्यानंतरचा एक तास पाहिला. अडीच वाजता नोंदी गेलेल्या होत्या आणि ते एकाच माणसाला ठाऊक होतं. तेव्हा तुम्ही पत्ते खेळलात."

ऋचानं फोन घट्ट धरला.

"जुन्या नोंदींवर चाचणी घ्यायची. नोंदी असतील तर यंत्र ते काम आपसूक करतं. दोनाचं काम, फार तर एकाचं. पण नोंदीच नसतील तर? आधी चार हजार मिनिटं कुणीतरी पुन्हा ऐकायला हवीत. मग ते तेराचं काम. सोमवारी अडीच वाजता या खोलीत एकानं तेरा ठेवला."

"हात चुकला होता," अंकुर म्हणाला.

"चुकला असेलही. ईश्वरीच्या दोनामुळं ती निर्दोष ठरत नाही, ती सोंगही करू शकते. म्हणून मी कारण शोधलं. उद्या डॉक्टर नोंदी तपासणार होते. त्या कुणाला नको होत्या?" त्यांनी टीमच्या भिंतीवरून उतरवून आणलेला कागद टेबलावर पसरला. "होळीच्या आठवड्यात एका दिवसात नऊशे रेकॉर्डिंग झाली. प्रत्येकी एक मिनिट, वेग वाढवता येत नाही. म्हणजे न उठता, पाणीही न पिता पंधरा तास. ईश्वरी साताऱ्याला होती. अभिषेक आलेलाच नव्हता आणि त्याची खुर्ची रिकामी होती. ऋचा आणि शंतनू ऐकत नाहीत. उरलं कोण? रेघ खाली गेली म्हणून तुम्ही बर्फी वाटलीत. नऊशेला आठ तासांनी भागून कुणी पाहिलं नाही."

सुनंदाबाईंनी अभिषेकच्या गळ्यातले हेडफोन मागून घेतले आणि अंकुरपुढं ठेवले.

"माझं चुकत असेल तर एकच मिनिट ऐका, अंकुर. कुठलंही बाळ. ठीक की अडखळता, एवढंच सांगा."

त्यानं हेडफोन उचलले. कानापर्यंत नेले. मग त्यानं ते खाली ठेवले.

"मला होत नाही," तो म्हणाला. "पाळी आली, चिठ्ठी उचलली. पहिलंच बाळ अडखळत होतं. आमचीही अशीच... मी आवाज बंद केला आणि सगळ्यांपुढं ठीक लिहीत गेलो. नऊशे. वाटलं, नंतर ऐकेन. मग डॉक्टर येणार कळलं. आणि त्याहून वाईट म्हणजे डबी माझ्या खोट्या नोंदींवरून शिकणार होती. कुठल्यातरी दवाखान्यात बाळाचा श्वास थांबला असता आणि डबी म्हणाली असती, ठीक आहे."

"फक्त तुमच्याच पुसायच्या होत्या," शंतनू म्हणाले.

"नऊशे सलग गेल्या असत्या तर विचारलं असतं, याच का? सगळ्या गेल्या की सगळ्या पुन्हा ऐकाव्या लागतील, आणि कुणी विचारणार नाही. जो लॅपटॉप उघडा दिसला त्याच्यावर केलं. मशीनची गडबड म्हणतील असं वाटलं होतं. ईश्वरी, तुझ्यावर येईल असं खरंच..."

"सोमवारी चार वाजता आलं माझ्यावर," ईश्वरी म्हणाली. "आज बुधवार आहे. दोन दिवस तू मला वकिलांचे नंबर देत होतास."

अंकुरनं पुढ्यातले हेडफोन दूर सरकवले.

"सुटलात एकदाचे," मोहनराव सगळ्यांकडं बघून हळूच म्हणाले, पण सुटल्यासारखं तिथं कुणाला वाटत नव्हतं. मुलगी जाऊन महिना झालेल्या बापाला सगळ्यांसारखीच पाळी दिली होती आणि त्यात काही चूक आहे असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. नियम सर्वांना सारखा होता ना! ऋचा रडत होती.

शंतनूंनी घसा साफ केला. "ईश्वरी, झाला तो गैरसमज झाला. उद्यापासून नेहमीसारखी ये."

"सोमवारची मेल ज्यांना ज्यांना गेली, त्या सगळ्यांना आता दुसरी पाठवा. मी इथंच उभी आहे," ईश्वरी म्हणाली.

त्यांनी लॅपटॉप ओढला आणि दोन ओळी लिहिल्या. ईश्वरीनं खांद्यावरून वाचल्या.

"गैरसमज काढा. चूक लिहा. आणि कोणाची तेही लिहा."

शंतनूंनी सुनंदाबाईंकडं पाहिलं. सुनंदाबाई पहिल्यांदाच एका जागी स्थिर उभ्या होत्या. पाचला चार मिनिटं असताना मेल गेली, "चौकशीआधी नाव जाहीर करण्याची चूक माझी, शंतनू बोकारे" या शेवटच्या ओळीसह.

"आणि अंकुरचं काय?" शंतनूंनी विचारलं.

"ते तुम्ही आणि दिल्लीवाले ठरवा. मला त्याचं तोंड बघायचं नाही," ईश्वरी म्हणाली आणि दारापर्यंत गेली. तिथं थांबली. परत आली तेव्हा तिचा आवाज फुटला होता.

"तुझी ती नऊशे मी ऐकते. तू नको ऐकूस. पण मला जमत नाही, एवढं नुसतं म्हणाला असतास ना, दादा, तर साताऱ्याहून आल्या आल्या मी ऐकली असती रे."

अंकुरनं टेबलावर डोकं टेकलं. अभिषेकनं आपले हेडफोन उचलून तिच्या हातात दिले आणि शेजारची खुर्ची आपल्यासाठी ओढली.