गमछ्याला केस येत नाहीत

लाल गमछा डोक्याला घट्ट गुंडाळलेला तो माणूस दुकानासमोरून दोनदा गेला, तेव्हाच श्रुतिकाने ओळखलं — याला असं काही हवंय, जे बाईजवळ मागता येत नाही. वडिलांमागे बालाघाटचं हे मेडिकल तीच सांभाळत होती. लाजणाऱ्या गिऱ्हाइकांचे सगळे प्रकार तिला पाठ होते. तिसऱ्या फेरीला ती मुद्दाम काउंटरखाली वाकली. बाई दिसत नाही म्हणून तो आत शिरला, आणि ती खोका घेऊन उभी राहिली.

"बोला भाऊ."

"ते… खोकल्याची गोळी."

"खोकला तर ऐकू नाही आला."

तो हसला, आणि हळूच गमछा सोडला. कपाळ चढत चढत टाळूच्या भेटीला निघालं होतं.

"किरनापूरचे पाहुणे येणार आहेत मले पाह्याले. माय म्हणते, त्याच्या आधी काही तरी कर." नाव गजेंद्र, लालबर्ऱ्याच्या राइस मिलमध्ये कामाला. "तिथं घेतली असती दवाई, पण सारी मिल विचारते, केस आले का बे? एक जण म्हणे, गोळी चांगली."

"डॉक्टरच्या पर्चीशिवाय देत नाही मी. केस थांबतात पुष्कळांचे, पण थोड्या लोकायले…" एरवी कुणालाही काहीही बेधडक सांगणारी श्रुतिका अडखळली. "मन उदास राह्यते. अन्… इच्छा कमी होते."

"कायची इच्छा?"

तिने पंख्याकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं. पंखा आपला फिरत होता.

"म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "वरात येईल, पण नवरदेवच पोचणार नाही?"

श्रुतिका हसली. त्या दुकानात हसण्याचा आवाज फार दिवसांनी झाला.

"सगळ्यायले नाही होत तसं. नाही तर हे लावायचं औषध आहे. सुरवातीले केस जास्तच गळतील, भिऊ नका. डोक्यात आग झाली, छातीत धडधडलं, तर बंद करून डॉक्टरले दाखवा. अन् एकदा धरलं की सोडता येत नाही. सोडलं की आलेले केसही जातात."

"लग्नासारखंच आहे मग."

"लग्नापेक्षा पक्कं."

त्याने बाटली घेतली. ती महिनाभर पुरायला हवी होती. पण हा माणूस दर बाजाराच्या दिवशी हजर. कधी मायच्या गुडघ्यांचा मलम, कधी नुसतंच — "इकडून चाललो होतो." आल्यागेल्या सगळ्यांना श्रुतिका भाऊ म्हणे. याला म्हणायचं कधी राहिलं, ते तिलाही कळलं नाही… म्हणजे कळलं होतं.

आई गोंदियाला मुलाकडे राहत होती. एकटीपुरता भात टाकला तरी भाताचं पातेलं, तो गंज, पूर्णच घासावा लागतो, हा तोट्याचा हिशेब श्रुतिका रोज चुलीपाशी करी. हल्ली भांडं घासताना गजेंद्रचं एखादं वाक्य आठवे, आणि हात थांबे.

एका बाजाराला तो वैतागून आला. "काहीच फरक नाही हो!" म्हणत त्याने गमछ्याने तोंड पुसलं, आणि तिला औषधाचा वास आला. गमछ्याला. तिच्या ध्यानात आलं — हा सकाळी डोक्याला औषध लावतो आणि रस्त्याच्या धुळीपायी लगेच गमछा बांधतो. सगळी दवाई गमछा पितो!

सांगितलं, तर केस येतील, केसांमागून किरनापूर. न सांगितलं, तर बाजाराचा दिवस आपला राहील. त्या दिवशी ती गप्प बसली. घरी भात गोड लागला नाही.

पुढच्या बाजाराला तो म्हणाला, "पाहुण्यांची तारीख ठरली." आणि तिला राहवलं नाही.

"औषध लावल्यावर गमछा नका बांधू. मुरू द्या. इतके दिवस तुम्ही गमछ्याचे केस वाढवून राह्यले."

तो खो खो हसला. ती नाही.

"आता येतील केस. मग इकडं येयाची गरज नाही, भाऊ."

हसू तिथंच विरलं. बाटली न घेताच तो गेला.

बाजार भरत राहिले, उठत राहिले. समोरून लाल गमछे खूप गेले. बालाघाटात गमछ्यांना काय तोटा? प्रत्येकाला मान वर होई, आणि परत खोक्यांत जाई.

मग एका भुरभुर पावसाच्या दुपारी तो दारात उभा. गमछा खांद्यावर. डोकं — पार चकोट! त्यावर पावसाचे थेंब.

श्रुतिका काउंटरमागून बाहेर आली. "अरे देवा… घरी कोण गेलं?"

"हेच किरनापूरवाले म्हणाले." तो शांतपणे स्टुलावर बसला. "अंगणात आले, माझं डोस्कं पाह्यलं. सुतकाच्या घरी सोयरिकीची गोष्ट नाही करत म्हणाले, अन् पाणी न पेताच गाडीत बसले. माय आत चहा ठेवून राह्यली होती; तिले कळलं तवा गाडी गेलती."

"अन् तुमी सांगतलं नाही त्यायले?"

"काहून सांगू? सकाळी न्हाव्याकडे काय उगाच गेलतो?" तो थांबला. "माय रागानं जेवाले वाढत नाही… एक विचारू? त्या दिवशी भाऊ काहून म्हटलं?"

ती फळीवरच्या सरळ बाटल्या पुन्हा सरळ करू लागली.

"तुमचे केस येणार होते ना…"

"दवाई सोडली. आता नाही येत. आता?"

पाऊस जरा वाढला. तिने त्याच्या खांद्यावरचा गमछा उचलला आणि त्याच्या हातात दिला.

"आज औषध नाही ना लावलं? मग बांधा. सर्दी होईल…" वाक्याच्या शेवटी जिथं भाऊ यायचा, तिथं ती थांबली. जागा तशीच मोकळी ठेवली. "अन् मायले घेऊन या संध्याकाळी. जेवाले मी वाढते. गंज तर तसाही पूर्णच घासावा लागते."