दोन्ही वाती एका गाठीतून

"गोदाम हेच का?"

शिवप्रियानं मान वर केली. दारात विरेश—नळदुर्गच्या जत्रेत शोभेची दारू उडवणारा. तेरखेड्याच्या कारखान्यात माल न्यायला आलेला, आणि चुकून थेट मालकाच्या लेकीच्या खोलीत!

"गोदाम मागं. इथं फक्त वायरी."

"कशाच्या?"

"दुरून बटण दाबलं की फटाके ओळीनं उडणार. माणसानं जवळ जायचंच न्हाय." बोलता बोलता तिला त्याचा डावा हात दिसला. दोन बोटं भाजून आखडलेली.

"मागच्या जत्रेचा प्रसाद," तो हसला. तिला मात्र हसू आलं नाही.

मग आठ दिवस तो काही ना काही निमित्त काढून येत राहिला. आणि आज जत्रा. गुंडप्पांनी लेकीला बजावलं होतं, "चारला फटाक्यांच्या जागी बल्ब लावून दाखव. चुकलं तर विरेश पलिता घेऊन जाईल."

साडेतीनला तिनं बटण दाबलं. तिसऱ्याऐवजी सातवा बल्ब पेटला. आज पुन्हा हीच बोटं...

"काय बिघडलं?" विरेशनं हळूच विचारलं.

"चिप हुकूम सोडते, सोबत क्लॉकचा ठोका. ठोका पडला की पलीकडं फटाक्यांजवळच्या पेटीनं हुकूम वाचायचा. पण ठोका उशिरा पोचतोय."

"दोघं एकाच वाटंनं जात्यात?"

"न्हाय. हुकूम चिपच्या अगदी कडेला, बाहेरच्या पिनेजवळच्या चौकीतून सुटतो. ठोका मी तसाच बाहेर काढलाय, आतल्या गल्लीबोळांतनं..."

"मग कसं जमंल? दोन बाण जोडीनं उडवायचे तर आमी दोन्ही वाती एका गाठीतून काढतो. सारख्या मापाच्या."

तिनं लॅपटॉप ओढला. तिची बोटं भराभर चालू लागली. ठोक्यालाही तिनं तसलीच चौकी दिली; तिच्यात एकदा चालू, एकदा बंद, असं भरलं की ठोका तिथंच घडून हुकमाच्या जोडीनं सुटणार.

चारला गुंडप्पा दारात. तिनं बटण दाबलं. एक... दोन... तीन... बारा! सगळे ओळीनं.

"टेम्पोत भरा," एवढंच बोलून ते निघून गेले, पण मिशीत हसत.

"माझं काम गेलं की," विरेश म्हणाला. "आता कशाला यायचं मी?"

ती त्याच्याकडं वळली. "तुमची बोटं जळू नयेत म्हणून आठ दिवस धड झोपले न्हाय मी. अजून कळंना व्हय? मला तुम्ही आवडता..."

त्यानं ती आखडलेली बोटं तिच्या हातावर ठेवली.

"शिवप्रिया, गोदाम कुठंय ते मला धा वर्सं ठाव हाय."