गवतावरचा पिवळा चौकोन

शार्का सकाळी फक्त तंबूच्या खुंट्या आणायला गेली होती. आदल्या दिवशी असा वारा सुटला होता की त्यांच्या सगळ्या खुंट्या केसांतल्या पिनांसारख्या वाकून गेल्या. तिचा जोडीदार रादिम म्हणाला, दुकानात पाऊलसुद्धा टाकू नकोस, नॉर्वेत खुंट्यांच्या पैशात आपल्याकडे दोघांचं जेवण होतं, बिअरसकट. आधी फळीवर बघ.

फळी म्हणजे काय हे तंबूत राहणाऱ्यांना सांगावं लागत नाही. बहुतेक कॅम्पवर भांडी घासायच्या जागेजवळ एक फळी असते. नको झालेलं ठेवून जायचं, हवं ते उचलायचं. अर्धी उरलेली गॅसची टाकी, मिठाचा पुडा, कुणाची तरी एकच चप्पल. आणि ही दोघं पडली चेक देशातल्या आमच्या ब्र्नोची. फुकटची वस्तू समोर असताना आमच्या गावचा माणूस नुसता बघून पुढे गेलाय, असं अजून तरी झालेलं नाही.

त्या दिवशी फळीवर लोखंडी खुंट्यांची जुडी होती. जुन्या, लांब, जड. शेजारी एक लाकडी हातोडा होता, डोक्याला लोखंडी कडं आणि मुठीला निळी लोकर घट्ट गुंडाळलेली. डोक्याची एक बाजू काळपट झाली होती, कुणी चहात बुडवून ठेवल्यासारखी. शार्काने तो उचलला आणि का कोण जाणे, लगेच खाली ठेवला. तिने फक्त खुंट्या घेतल्या.

हातोडा रादिम स्वतः जाऊन घेऊन आला. आपल्याकडे रबरी आहे की, असं ती म्हणाली, तर हा हसला. "फुकट आहे तर घ्यायला काय जातं?"

रादिम तसा एकदम साधा माणूस. रस्त्यात गोगलगाय दिसली तर गाडी थांबवून तिला गवतात सोडून येणारा. गेल्या सप्टेंबरात त्याने गाडीची मागची सीट काढून टाकली, सुकवलेल्या मशरूमच्या पिशव्या आणि डबाबंद खाणं ठासून भरलं, आणि नेहमीच्या बिअरच्या अड्ड्यावर सगळ्यांसमोर जाहीर केलं की वर्षभर युरोप, एक दिवसही कमी नाही. लवकर परत आलास तर तुझी दाढी आम्ही भादरणार, असं मित्रांनी सांगून टाकलं. हिवाळा पोर्तुगालमध्ये गेला, वसंत ग्रीसमध्ये, आणि आता उन्हाळ्यात ते इथे वर येऊन पोचले होते, जिथे सूर्य मावळायचं नावच घेत नव्हता.

आणि शार्काला हे सगळं खूप आवडलं होतं, खरंच. पण आता पुरे झालं होतं. तिला एक भिंत हवी होती. बंद होणारं दार हवं होतं. ती शिकवायची ती बालवाडी तिला परत बोलवत होती, आई एकटी होती. शुक्रवारी बोट होती. आज सांगायचंच असं तिने ठरवलं होतं, आणि भीती एकाच गोष्टीची होती: तो शांतपणे म्हणेल, बरं, तू जा. मग बोटीतून ती एकटी उतरणार, आणि नंतरही एकटीच राहणार, हे तिला कळत होतं.

त्या दिवशी त्यांनी कॅम्प सोडला आणि समुद्रात घुसलेल्या एका टोकावर गाडी नेली. तिथे कुणालाही तंबू टाकता येतो, कुणी काही विचारत नाही. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला डोंगर, मध्ये गुडघाभर हिरवंगार गवत. आणि गवताच्या अगदी मध्यात पिवळा चौकोन.

तंबू काही दिवस राहिला की खालचं गवत असं पिवळं पडतं. त्यावर पुन्हा तंबू टाकायचा नाही, गवताला श्वास घेऊ द्यायचा. कायदा नाही, रीत आहे, आणि तंबूवाले ती पाळतात. पण रादिमने चौकोनाच्या कडेने चार पावलं टाकली आणि खूश झाला.

"बघ ना, सपाट करून ठेवलंय. आणि आपल्याच मापाचं."

शार्का आजूबाजूला बघत होती. चाकांच्या खुणा नाहीत, पायवाट नाही. जो कुणी इथे राहिला, तो या उंच गवतातून आला कसा आणि गेला कसा? ती खाली वाकली. ओल्या कापडाचा वास येत होता, आणि त्याच्या खाली दुसरा एक, जिभेखाली नाणं धरल्यासारखा. तिने सांगितलं की दुसरीकडे टाकू. तो म्हणाला की बाईसाहेबांना आता गवतही निवडून लागतं. ती हसली, आणि विषय तिथेच संपला.

चौकोनावर तंबू उभा झाला, खुंट्या तेवढ्या ठोकायच्या राहिल्या, आणि बटाट्याचं सूप खाताना तिने सांगून टाकलं. बालवाडी, आई, शुक्रवारची बोट, सगळं एका दमात.

रादिमने चमचा ठेवला. उठला, हातोडा घेतला, खुंट्या ओठांत धरल्या, शिंपी टाचण्या धरतो तशा, आणि ठोकायला लागला.

ठक. ठक. ठक.

कोपरे झाले. मग बाजू. मग जिथे दोरीच नव्हती तिथेही, थेट कापडाच्या कडेतून, जमिनीत. वारा पडला होता, तंबूचं कापड जेमतेम थरथरत होतं, आणि तो त्या कापडाशी अगदी प्रेमाने बोलला.

"हलू नकोस. हलतेस म्हणून लागतं."

शार्काला वाटलं गंमत करतोय. ती हसली. तो हसला नाही. तिने हाक मारली, त्याने मान वळवली नाही. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता, आणि खुंटी पूर्ण जमिनीत गेल्यावरही तो मारत होता, मारतच होता. ती धावली आणि दोन्ही हातांनी त्याचा दंड धरला. तेव्हा त्याने हातोड्याकडे पाहिलं, कुणीतरी आत्ता हातात ठेवल्यासारखं. हातोडा गवतात पडला.

"चल आत," ती म्हणाली. "राहू दे ते."

आत आल्यावर तो पुन्हा तिचा रादिम झाला. डोळे चोळत म्हणाला की डोकं गच्च झालं होतं, सूप खाताना काय बोललीस ते धड आठवतही नाही. तिने पुन्हा सांगितलं, हळूहळू. त्याने ऐकलं, बराच वेळ दाढी खाजवली.

"मग शुक्रवारी दोघं जाऊ. दाढी गेली खड्ड्यात."

ती इतकी रडली की त्याला भीती वाटली. मग दोघं हसली. मग झोपली, एकमेकांना चिकटून, आणि शार्काला वाटलं की सगळं सुटलं. तिच्या लक्षात एकच गोष्ट आली नाही. रादिम आत आला होता. जो ठोकत होता, तो आत आला नव्हता.

तिला जाग आली ती आवाजाने.

ठक... ठक...

तंबूत सोनेरी उजेड होता. सूर्य समुद्रावर टेकून तसाच राहिला होता, आणि समुद्राकडच्या कापडावर एका माणसाची सावली होती. वाकलेला, हात वर जाणारा, खाली येणारा. शार्काने शेजारी चाचपून पाहिलं. रादिमची पाठ. गरम. श्वास चालू.

"रादिम... बाहेर कुणीतरी आहे."

तो जागा झाला. सावली त्यालाही दिसली. त्याने तिच्या ओठांवर बोट ठेवलं आणि सरपटत चेनपर्यंत गेला. चेन वर सरकेना. खालून कापडच खुंट्यांनी जमिनीला शिवलं होतं.

ठोकणं थांबलं. सावली सरळ उभी राहिली आणि निघून गेली. कापड कोरं झालं.

मग ती पुन्हा दिसली. पण डोंगराकडच्या कापडावर. दोघंही तिकडे बघत राहिली, आणि दोघांना एकदमच कळलं. उजेड समुद्राकडून येत होता. डोंगराकडच्या कापडावर सावली पडायची तर माणूस मध्ये हवा. मध्ये फक्त तंबू होता. मध्ये फक्त ते होते, आडवे. आणि सावली उभी होती...

काठ्या मोडल्या. तंबू दोघांच्या अंगावर कोसळला, ओलं कापड तोंडाला चिकटलं, आणि पहिला घाव शार्काच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज तिला आधी ऐकू आला, दुखलं नंतर. दुसरा घाव खांद्यावर. तिसरा बसलाच नाही, कारण रादिम तिच्यावर येऊन पडला होता. प्रत्येक घावाबरोबर त्याच्या अंगातून हवा बाहेर पडत होती, तिच्या मानेवर, गरम. काहीतरी फुटलं. पुन्हा काहीतरी फुटलं. त्याच्या तोंडातून ओलं काहीतरी तिच्या कानात ओघळलं.

"सुरी," तो म्हणाला. "माझ्या... खिशात."

मशरूम कापायची सुरी. ती तिला मिळाली. चांगल्या हाताने तिने कापड खालून वर फाडलं, डोकं बाहेर काढलं, कंबर बाहेर काढली, सुरी दातांत धरली, आणि रादिमचा हात धरून ओढलं. एक घाव त्या दोन हातांवर बसला. बोटं सुटली. ती गवतात गडगडत गेली.

मागे वळली तेव्हा उजेड लख्ख होता, सगळं स्पष्ट दिसत होतं. पडलेल्या तंबूखाली एक उंचवटा हलत होता, आणि एक माणूस दोन्ही हातांनी हातोडा उचलून त्यावर घालत होता. हिरवं कापड काळं होत चाललं होतं. माणसाच्या अंगात तिच्या आईने विणलेला स्वेटर होता. उजवी कोपर उसवलेली. त्याची पाठ, त्याचे खांदे, त्याच्या मानेवरचा तीळ. तो रादिम होता.

आणि कापडाखालून रादिम ओरडत होता. "शार्के, पळ."

ती पळाली नाही. पळाली असती तर तिला आयुष्यभर जे वाटलं असतं, ते तिला त्या क्षणी वाटून गेलं. ती धावली आणि त्या पाठीत, खांद्याच्या खाली, सुरी घातली.

माणूस वळला. रादिमचाच चेहरा, शांत, ओठांत खुंटी धरलेली. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि ओठ न उघडता, प्रेमाने म्हणाला, "हलू नकोस."

मग तंबूची काठी काढून घेतल्यावर कापड बसतं, तसा तो जागेवर खाली बसला आणि पालथा पडला. कापडाखालचा आवाजही थांबला. शार्काने एका हाताने कापड उचकटलं, नखं निघाली तरी उचकटलं. आत रक्ताने भिजलेल्या स्लीपिंग बॅगा होत्या. माणूस नव्हता.

मासे पकडायला निघालेल्या लोकांना ती सापडली, रादिमचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. पोलीस चांगले वागले. डॉक्टरही. सुरीचा घाव अगदी वरवरचा आहे असं डॉक्टरांनी सांगितलं. रादिम त्याने गेला नव्हता. त्याच्या बरगड्या, हात, जबडा, सगळं कशाने तरी ठेचलं होतं, आणि कातडीवर तंबूच्या कापडाची वीण उमटली होती, धागा न् धागा. कुणीतरी त्याला कापडाखाली ठेवून मारलं होतं. पण तो तर तंबूबाहेर पडला होता, असं शार्का म्हणाली. पोलिसांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तिसऱ्या माणसाचा शोध सुरू केला. उंच गवतात कुणाचीच वाट सापडली नाही. निळ्या लोकरीचा हातोडा तिच्यासमोर पिशवीत घालून, तोंड बंद करून, गाडीतून नेला.

ऑगस्ट उजाडेपर्यंत ती ब्र्नोला आईकडे परत आली होती. हात प्लास्टरमध्ये. भिंती होत्या, दार होतं, दाराला कडी होती. मित्र येऊन गेले. दाढीबद्दल कुणी बोललं नाही. रादिमच्या आईने तिला जवळ घेतलं आणि विचारलं की तो शेवटी काय म्हणाला. शार्काने सांगितलं, घरी जाऊ म्हणाला. ते खरंही होतं.

मग एका दुपारी ती आईच्या बागेत गेली. गावाबाहेरची ती छोटीशी बाग, शेजारीपाजारी सगळ्यांच्या तशाच बागा, कुंपणापलीकडून रेडिओचा आवाज. लख्ख ऊन. आई वाफ्यापाशी वाकली होती, शार्काकडे पाठ करून, खुंट्या ठोकत.

ठक. ठक. ठक.

"नवलकोल लावायचाय," आई म्हणाली. "उन्हाने करपतो, म्हणून वर कापड टाकलं."

कापड चारी बाजूंनी ताणलं होतं, गरजेपेक्षा जास्त खुंट्यांनी. शार्काची नजर आईच्या हातावर गेली. लोखंडी कडं. मुठीला निळी लोकर.

"आई... हा कुठून आणलास?"

"फाटकाजवळच्या फळीवर होता. कुणीतरी ठेवून गेलं." आईने पुढची खुंटी ओठांत धरली. "फुकट आहे तर घ्यायला काय जातं?"

वारा नव्हता. तरी कापड मध्ये एका जागी उचललं गेलं, आणि खाली बसलं. आईने त्यावर हात ठेवला, झोपलेल्याला थोपटतात तसा, आणि हळूच म्हणाली, "हलू नकोस."

शार्का तिथेच उभी राहिली. नवलकोलाची रोपं त्या कापडाखाली नव्हतीच, ती अजून लावायची होती. सकाळी तिनेच त्यांना पाणी घातलं होतं, घरी, स्वयंपाकघराच्या खिडकीत.