धरणालाही किनारा असतो

कोकिळा धरणाच्या काठावर बसून टेपनं मासा मोजत होती, तेव्हा मागून आवाज आला, "मॅडम, त्याचा शर्ट शिवता काय?"

तिनं वळून पाहिलं. गुडघाभर पाण्यात उभा राहून एक तरुण छोट्या होडीसारखा डोंगा ओढत होता. गालावर खवला चिकटलेला... त्याला पत्ताच नव्हता.

"अठरा सेंटिमीटर," ती वहीत लिहीत म्हणाली. "लहान हाये. कोनाच्या जाळ्यातला?"

"माह्याच."

कोकिळा प्राणिशास्त्र शिकलेली. धामणगाव बढ्यात राहून एका साप्ताहिकात लिहायची. समुद्रातली बेसुमार मासेमारी आणि किनाऱ्यावरच्या वस्त्या यांवर लिहिणाऱ्या पत्रकारांना मुंबईची एक संस्था पाठ्यवृत्ती देत होती. धरणालाही किनारा असतो, असा अर्ज कोकिळानं धाडला आणि तो चक्क मंजूर झाला. त्या वर्षी बोंडअळीनं बीटी कपाशी पोखरली, वेचणीची मजुरी बुडाली आणि गावोगावची माणसं जाळी घेऊन धरणावर आली होती. पाण्यात काय उरलं, ते तिला सहा महिन्यांत शोधायचं होतं.

तो तरुण सहदेव, मच्छीमार सोसायटीचा सभासद. जाळ्याचं भोक इथं बोटांनी मोजतात. सोसायटीचा नियम चार बोटांचा.

"माह्यं चार बोटाचंच हाये. पाहा न घालून."

तिनं डोंग्यात चढून जाळ्यात बोटं घातली. डोंगा डुलला. त्यानं तिचं मनगट धरलं... आणि सोडायला जरा उशीरच केला.

"सहदेवभाऊ—"

"भाऊ नोका म्हनू बाप्पा!"

मग दर मंगळवारी ती यायची आणि तो मासे ओळीनं मांडून ठेवायचा. 'मॅडम'ची 'कोकिळा' कधी झाली, ते वहीत नोंदलेलं नाही. सहाव्या महिन्यात तिनं आकडे जुळवले आणि थबकली. एवढे लहान मासे चार बोटांतून निसटून जातात. त्याच्या शब्दावर विसंबून तिनं दुसरं जाळं कधी शोधलंच नव्हतं.

"तुह्या डोंग्यात दुसरं जाळं हाये, सहदेव."

डोंग्यातल्या फळीखालून त्यानं दोन बोटांचं जाळं ओढून काढलं. "मोठा मासा उरलाच कुठी? इतकी गर्दी झाली..."

"लेखात नावं टाका लागतात. तुह्यं टाकलं तं सोसायटी काढते तुले. नाई टाकलं तं लेख खोटा."

"टाक."

"काऊन पन?"

"गाळलं तं तू माह्याकडे सरळ पाहू शकशीन काय?" तो पाण्याकडे बघत म्हणाला. "मले तुह्यं पाहनं पाह्यजे... डोंग्यापेक्षा जास्त."

लेख छापून आला. पहिलं नाव सहदेवचं. सोसायटीनं वर्षभर त्याचा डोंगा बंद केला.

दुसऱ्या दिवशी कोकिळा त्याच्या घरी गेली. दारात त्याची आई रुखमाबाई गहू निवडत होती. तिनं मान वर केली, पण 'ये' म्हटलं नाही.

"पोराचा धंदा बसोला वं माय तू. आता काय न्यायले आली?"

आत काहीतरी भांडं पडलं. कोकिळानं चप्पल काढली.

"त्यालेच."