टोपीचे सात गोल

चाळीस वर्षं मी गोयाच्या वाचनालयात पुस्तकं दिली-घेतली. स्वतः लिहायचा धीर कधी झाला नाही. हेही नीट जमेल की नाही, शंकाच आहे. पण यातलं काहीही मी रचलेलं नाही.

जानेवारी १९९८, म्हणजे आमच्या दक्षिण गोलार्धातला भर उन्हाळा. पाराना नदीकाठचं आमचं गोया. वेळ दुपारच्या झोपेची.

आमच्याकडे रात्रीपेक्षा तीच वेळ जास्त सुनसान. खिडक्या बंद, रस्त्यावर कुत्रंही नाही.

माझी मोठी बहीण एर्मेलिंदा नुकतीच गेली होती. ताई टॅटिंगची लेस करायची: होडीच्या आकाराच्या छोट्या शटलवर दोरा गुंडाळायचा आणि गाठी मारत लेसचे गोल जोडत जायचं. घरातल्या प्रत्येक बाळाला बाप्तिस्म्याची टोपी तिच्या हातची मिळे. आईपासून एकच नियम होता: ज्या घरची भेट, त्या घरचाच हात.

ही टोपी आमच्या पुतणीच्या, देल्फिनाच्या मुलीसाठी होती. देल्फिनाची आधीची दोन बाळं टोपी पुरी होण्याआधीच गेली होती. म्हणून तिचा सगळा जीव या टोपीत होता.

आणि टोपीच्या कडेला सात गोल कमी होते.

मी ती शेजारच्या एदुविहेसबाईंकडे नेली.

"लायब्ररीवाले, तुम्हाला येतं की," शटलला दोरा गुंडाळत त्या म्हणाल्या. "ताईच्या पायाशी बसून करायचात. मी पाहिलंय."

"विसरलो."

"विसरला नाहीत. लाजता."

खरं होतं. लहानपणी पोरांनी चिडवलं आणि मी शटल टाकलं, ते टाकलंच.

बाईंनी सात गोल करून दिले. देल्फिनाला मी सांगितलं, "जाण्याआधी आत्याने टोपी पुरी केली होती." रविवारी बाप्तिस्मा होता. तोवर टोपी ताईच्या खोलीतल्या खणात ठेवली.

गुरुवारी दुपारी पुस्तक घेऊन पडलो होतो.

टिक…

शटलच्या टोकांमधून दोरा निसटताना होतो तो आवाज. जन्मभर ऐकलेला. ताईच्या खोलीतून येत होता.

टिक… टिक…

मी गेलो. खुर्ची रिकामी. खण बंद. टोपी आतच होती.

पण बाईंनी केलेले गोल… पाचच.

दोन गोलांचा दोरा मोकळा लोंबत होता. अगदी सरळ.

बाईंना बोलावलं. त्यांनी दोरा बोटावर ओढून पाहिला.

"ही गाठ सुटत नाही हो. कात्रीच लावावी लागते. आणि सुटलाच, तर दोरा कुरळा राहतो. हा रिळावरून आत्ता काढल्यासारखा आहे."

"उंदीर असेल…"

"उंदीर इस्त्री करतो का?"

हे बोलताना त्या हसत नव्हत्या. टोपीला पुन्हा हात लावायला त्या तयार होईनात.

शुक्रवारी तीन उरले.

शनिवारी… एकही नाही. ताईने जिथे सोडलं होतं, बरोबर तिथपर्यंत.

संध्याकाळी देल्फिना बाळाला घेऊन आली. बाळाचं अंग तापलं होतं.

"काका, टोपी आजच द्या. उशाशी ठेवते."

मला खोटं पुढे रेटवेना. सगळं सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"तुम्हाला येतं ना?" एवढंच तिने विचारलं.

"हो."

"मग लाज कुणाची वाटते काका? आत्याची?"

मी ताईच्या खुर्चीत बसलो. टॅटिंगची गाठ उलटून बसावी लागते; पहिली उलटलीच नाही, दोरा आवळला गेला. कापून पुन्हा घेतला. एकेक वेडावाकडा गोल ओढत सहा झाले. तेवढ्यात बाळ फणफणलं. कपाळावर ठेवायला फडकं भिजवावं म्हणून आम्ही दोघं बाळाला घेऊन स्वयंपाकघरात गेलो.

मागून…

टिक…

देल्फिनानेही ऐकलं.

परत आलो तेव्हा सातवा गोल झालेला होता. सैल, मोकळ्या हाताचा. माझा हात घट्ट आहे.

पहाटे ताप उतरला.

ते बाळ, ओतिलिया, आज पंचविशी ओलांडून गेलंय. तिला दिवस गेलेत. गेल्या मंगळवारी ती डब्यातून तीच टोपी घेऊन आली.

सातही गोल जागच्या जागी.

पण सातव्याच्या पुढे… आठवा सुरू झालेला. ओढून बंद न केलेला. दोरा पांढराशुभ्र. बाकीची टोपी पिवळी पडली आहे.

"आजोबा, हा तुम्ही केलात ना? माझ्या बाळासाठी?"

मी हो म्हणालो.

पुन्हा खोटं. आणि तिचा चेहरा इतका खुलला, की मागे घेता आलं नाही.

आता माझे हात थरथरतात. शटलला दोरासुद्धा गुंडाळता येत नाही. टोपी ताईच्या खोलीत, खुर्चीवर ठेवली आहे. रोज दुपारी माझ्या खोलीचं दार उघडं टाकून कान देऊन बसतो. वाटतं, मागच्यासारखा एक तरी टिक ऐकू येईल, आठवा गोल ताईच पुरा करेल, आणि माझी सुटका होईल.

चार दुपारी झाल्या.

काहीच आवाज नाही…

फक्त ती खुर्ची रोज आणखी थोडी माझ्या दाराकडे वळलेली असते.