कमी चाललेली गाडी

कोजागरीचं दूध आटायला अजून वेळ आहे, तोवर बसा. आणि तू, तो मोबाइल जरा खाली ठेव. मघापासून ऐकतोय मी. ‘जवळपास नवी आहे, एका हातची आहे, फार चाललेलीच नाही.’ शोधून कुणी दिली, तर कुठल्याशा कंपनीनं. छान. घे बाबा, अडवणारा मी कोण? फक्त एवढं विचारून ठेव, की चालली का नाही.

हसू नका. वारज्यात माझ्या शेजारी बजरंग राहायचा, त्याची गोष्ट आहे. या कंपन्या यायच्या आधीपासून तो हाच धंदा करायचा. गाळा नाही, दुकान नाही, पाटी नाही. तुम्ही सांगायचं, अमुक गाडी, अमुक रंग, जुनी नको पण नवीही परवडत नाही. तो शोधून आणायचा. कशी शोधायचा माहितीये? पहाटे गाड्या पुसणारे असतात ना, त्यांच्याशी त्याची दोस्ती. कुठली गाडी कव्हरखाली उभी आहे, एवढंच विचारायचं. कव्हरवर धूळ साचली असेल तर मालक एक तर परदेशी गेला, नाहीतर वर गेला. वर गेलेल्याची गाडी सगळ्यात बरी, म्हणायचा. घरच्यांना ती डोळ्यांसमोर नको असते, घासाघीस करत नाहीत. असं बोलायचा आणि वर चहा पाजायचा. माणूस वाईट नव्हता. तोंडाचा गोड होता, तेच नडलं.

कर्वेनगरला प्रेमलाताई म्हणून फिजिक्स शिकवणाऱ्या बाई होत्या. डावा गुडघा कामातून गेलेला, त्यामुळे क्लच नसलेली गाडी हवी होती. बजरंगला ती सापडली वाघोलीला. एक दिवस चैत्रातल्या उन्हात तो बसनं तिकडे गेला. रोजचंच काम.

वाघोलीत आता नुसत्या इमारती, पण मधूनच एखादं जुन्या शेतकऱ्याचं घर दिसतं. तसंच ते घर होतं. दारात पत्र्याची शेड, शेडमध्ये पांढरी गाडी. धाकट्या मुलानं, अनंतनं, दसऱ्याला घेतलेली. संक्रांतीच्या सुमाराला तो काविळीनं गेला. लग्नसुद्धा व्हायचं होतं. थोरला भाऊ सर्जेराव गाडी विकायला तयार होता. कारण सांगू? आई दिवसभर त्या गाडीकडे बघत बसायची, आणि याला ते बघवत नव्हतं.

आई म्हणजे मथुराबाई. बजरंग गाडीचं कव्हर काढत होता, तेव्हा त्या बाहेर आल्या.

“ने बाबा गाडी,” म्हणाल्या, “पर आधी मला म्हायेरी न्हेऊन आण.”

बजरंगला कळेना. तेव्हा सर्जेरावनं खाली बघत सांगितलं. आईचं माहेर पाबळच्या पलीकडच्या एका वाडीत. मामाशी जमिनीवरून बिनसलं, तेव्हापासून तिनं तो उंबरा चढलेला नाही. अनंत म्हणायचा, आई, माझी गाडी येऊ दे, तुला गाडीतनं नेतो, कोण अडवतं बघू. गाडी आली आणि तोच आजारी पडला. पुढे दहाव्याला पिंड ठेवले, तर कावळा शिवेना. झाडावर कावळे, पण एक खाली येईना. कुणी म्हणालं लग्न राहिलं त्याचं, कुणी म्हणालं देवाला जायचं राहिलं. ऊन चढलं. शेवटी सर्जेराव हात जोडून म्हणाला, “अनंता, आईला तुझ्याच गाडीतनं माहेरी नेऊन आणतो.” आणि पाठोपाठ कावळा खाली.

आता मला सांगा, हा शब्द पाळायला काय लागत होतं? एक सकाळ. पण सर्जेराव मामाच्या दारात जायला तयार नव्हता. आज जाऊ, उद्या जाऊ, असं करत चैत्र आला.

बजरंगला घाई होती. प्रेमलाताईंना दुसऱ्या दिवशी गाडी दाखवायची होती. तो गोड हसला आणि म्हणाला, “मावशी, त्यात काय? मीच नेतो. आज गाडी धुऊन पुसून आणतो, उद्या सकाळी तयार राहा.”

“नक्की येशील न्हवं?”

“नक्की.”

म्हातारीनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. फाटकाशी सर्जेराव हळूच म्हणाला, “अहो बजरंगशेठ, शब्द दिलेला आहे.” त्यावर बजरंग काय म्हणाला असेल? “कावळ्याला दिलाय ना? कागदावर तर नाही?” दोघंही थोडं हसले. गाडी निघाली.

सकाळी सर्जेरावचा फोन वाजला. बजरंगनं नाव बघितलं आणि उचलला नाही. आदल्या रात्री त्याला गाढ झोप लागली होती. हे त्यानंच मला सांगितलं. “गाढ झोपलो हो काका,” म्हणाला. “ते आठवलं की मला माझीच किळस येते.”

गाडी प्रेमलाताईंना पसंत पडली. उन्हाळा गेला. आषाढाच्या शेवटी त्यांच्या गाडीत आवाज सुरू झाला. नव्या गाड्यांत शेजारी कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही, की टिंग टिंग वाजतं ना, तो आवाज. फक्त शेजारी कुणी बसलेलं नसायचं. सर्व्हिसवाल्यांनी सीटखालचं यंत्र बदललं. आवाज चालूच. बाई शास्त्र शिकवणाऱ्या, घाबरल्या नाहीत. रिकाम्या सीटला पट्टा लावून कॉलेजला जायला लागल्या. शेवटी वैतागून त्यांनी बजरंगला फोन केला. “अहो, गाडी आपण शोधून दिलीत. आता हा आवाजही कुठून येतो, तेवढा शोधून द्या.”

बजरंग गाडी आणायला गेला ती रात्र सर्वपित्री अमावास्येची. साल दोन हजार एकोणीस, शनिवार. त्याच आठवड्यात पावसानं शहरात हाहाकार केला होता, आठवत असेल तुम्हाला. रस्त्यांवर चिखल होता. दिवसभर घरोघर कावळ्यांना पानं ठेवून झाली होती. बाईंनी किल्ली दिली, वरून म्हणाल्या, “सांभाळून न्या. पट्टा लावत जा तिला.” तिला, असं का म्हणाल्या, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

बजरंग बसला. गाडी चालू केली.

टिंग. टिंग. टिंग.

त्यानं डाव्या हातानं शेजारची सीट चाचपली. सीट दबलेली होती. हात काढला, तरी वर येईना...

पूर्वीपासूनच असं होतं का, हे विचारायला त्यानं सर्जेरावला फोन लावला. सर्जेराव म्हणाला,

“आई गेली, बजरंगशेठ. आषाढात.”

सर्जेराव पुढे सांगत गेला.

“रोज सकाळी लुगडं बदलून, पिशवी घेऊन फाटकापाशी बसायची. मी म्हणायचो, आई, तो यायचा नाही. ती म्हणायची, येईल, नक्की म्हणालाय.” मग म्हणाला, “दहाव्याला कावळा शिवला नाही. सगळ्यांना ठाऊक होतं, काय राहिलंय ते. पण बोलायचं कुणी? गाडी तर विकलेली. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला... तो लावला पिंडाला. गवताचा कावळा, बजरंगशेठ.”

फोन बंद झाला. आवाज चालू होता. टिंग. टिंग.

बजरंगनं शेजारी बघितलं नाही. समोर काचेकडे बघत म्हणाला, “मावशी...”

टिंग.

त्यानं हात लांब करून पट्टा ओढला. नेहमीपेक्षा जास्त ओढावा लागला. मधे काहीतरी असल्यासारखा. खटका बसला.

आवाज थांबला.

गाडी वारज्याकडे वळायची, ती त्यानं नगर रस्त्याला घेतली. पळून जावंसं वाटलं नाही का, मी विचारलं होतं. म्हणाला, “काका, भीती होतीच. पण लाज भीतीपेक्षा मोठी होती.” वाघोली आली. ते फाटक रस्त्यावरून दिसतं. त्यानं मान वळवली नाही. गाडीत धुतलेल्या लुगड्याचा वास येत होता.

शिक्रापूर गेलं. गाडी डावीकडे वळली. दिवे संपले.

अंधार. दोन्ही बाजूंना ज्वारी. एकही गाडी नाही.

वाटेत तो बोलत होता. चुकलो, म्हणत होता. एक सकाळ लागली असती, म्हणत होता. एकदा फक्त... गाडी खड्ड्यात आदळली, तेव्हा कुणीतरी हुं केलं. म्हातारी माणसं करतात तसं.

वाडी आली. त्याला घर माहीत नव्हतं. गाडी एका दारासमोर हळू झाली. ब्रेक आपण दाबला का, हे त्याला आजही सांगता येत नाही.

घराला कुलूप होतं. पायरीवर गवत वाढलेलं. त्यानं नंतर चौकशी केली, तेव्हा कळलं, मामाही त्या पावसाळ्यातच वारला होता, मुलं सुरतेला होती. तिथे कुणी राहत नव्हतं.

बजरंग उतरला. गाडीला वळसा घातला. डावं दार उघडलं. पट्टा सोडवायला वाकला...

पट्टा आधीच सुटलेला होता.

तो दार धरून उभा राहिला. वडीलधारं माणूस उतरताना राहतो तसा, मान खाली घालून. वारा नाही. कुत्रं नाही. मग सीट हळूहळू वर आली.

पाऊल वाजलं नाही. गवत हललं नाही. कुलूप तसंच.

किती वेळ उभा होता, कुणास ठाऊक. मग त्यानं दार लावलं. वळसा घालून आपल्या बाजूला आला.

त्याच्या सीटवर टॉवेल होता. नवा, घडीचा. त्यावर पांढरी टोपी.

तुम्हा पोरांना कदाचित माहीत नसेल. आमच्याकडे लेकीला सासरहून माहेरी घेऊन येतो, तो मुऱ्हाळी. त्याला माहेरचे लोक मान देतात. टॉवेल, टोपी.

प्रेमलाताईंच्या गाडीतला आवाज त्या रात्रीपासून बंद झाला. बजरंगनं धंदा बंद केला. मला म्हणाला, “काका, तिनं शिव्या दिल्या असत्या, तर मी फेडलं असतं. हा मान मी कुठे ठेवू?” टाकवत नाही, वापरवत नाही. टॉवेल-टोपी त्याच्या कपाटात आहेत, मी स्वतः हातात घेऊन पाहिलेत.

टोपी त्यानं एकदाच घालून बघितली. त्याच्या मापाची निघाली.